आजीची सिपी आणि कपडे शिवणारा शिंपी

प्रश्न : गुरुजी, सादर नमस्कार. माझं सासर लाखांदूर तालुक्यात, वैनगंगेच्या काठचं. आमच्या घरी सासूबाई दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, सिपीनं खरवडतात. सिपी नदीतलीच, पाठ काळपट आणि आतून चांदीसारखी. माझी मुलगी सहावीत आहे. वर्गात व्यवसायांची नावं चालू होती, त्यात ‘कपडे शिवणारा तो शिंपी’ असं आलं. पोरीनं उभं राहून सांगितलं, ‘आमच्या आजीजवळ सिपी आहे, ती तर गंज खरवडायची असते.’ सगळा वर्ग हसला. सर म्हणाले की शिंपी हा शब्द ‘शिवणे’वरून आला, आजीचा शब्द गावंढळ आहे, खरा शब्द शिंपला, आणि शिंपले समुद्रात असतात. पोरगी दोन दिवस गप्प होती. आजीची सिपी चूक आहे का? आणि समुद्र इथून इतका लांब, तर हा शब्द आमच्या चुलीपर्यंत आला कसा?
– एक वाचक भगिनी, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : ताई, आधी पोरीला जवळ घेऊन सांगा की तिची आजी बरोबर आहे. बाकीचं आपण सावकाश बोलू.

तुमचं पत्र वाचून मला माझीच एक गोष्ट आठवली. नोकरीला लागून चारपाच वर्षं झाली होती. चौथीच्या पेपरात ‘शिंपले कोठे सापडतात?’ असा प्रश्न होता आणि उत्तरसूचीत ‘समुद्रकिनारी’. एका मुलानं लिहिलं होतं, ‘आमच्या बोडीत’, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात. मी लाल पेनानं फुली मारली. मी स्वतः पवनीच्या बाजूचा, लहानपणी वैनगंगेच्या वाळूतून खिसे भरभरून शिंपा आणलेल्या, तरी मारली. पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला, दप्तरातून दोन शिंपा काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसला. ओल्या होत्या, सांध्यात चिखल होता. एक शब्द बोलला नाही. मी त्याचा गुण वाढवला, पण ती फुली पेपरावर तशीच राहिली. त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे आहे. म्हणून उत्तर जरा लांबलं तर समजून घ्या.

आधी वस्तू बघू. आपल्या नदीत, तलावात, बोडीत जी शिंप सापडते तिला प्राणिशास्त्रात लॅमेलिडेन्स म्हणतात. तिच्या जवळच्या आणखी काही जाती आहेत. हा गोड्या पाण्यातलाच जीव, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. दोन झाकणं एका बाजूला सांध्यानं जोडलेली. अर्धं अंग चिखलात रुतवून ती बसते, पाणी आत घेते, त्यातलं बारीक शेवाळ आणि कण खाते आणि पाणी बाहेर सोडते. तिला एकच मांसल पाय असतो. उन्हाळ्यात बोडी आटत आली की ओल्या गाळावर बोटानं ओढल्यासारखी रेघ दिसते. ती रेघ धरून चालत गेलं की शेवटी शिंप सापडते, पाण्याच्या मागे मागे सरकत आलेली. पाठीवरचे वलयांसारखे पट्टे ती वाढताना पडलेले असतात. आम्ही पोरं ते मोजत बसायचो. पुढे गोसेखुर्द धरणाच्या भिंतीमागे पाणी थांबलं आणि आम्ही जिथं शिंपा वेचायचो त्या वाळूच्या पट्ट्या पाण्याखाली गेल्या.

आमच्या घरी दोन शिंपा असायच्या. एक तुमच्या सासूबाईंसारखी, खरवडीची. गंजाच्या तळाला लागलेली साय शिंपेच्या कडेनं निघते तशी चमच्यानं निघत नाही, कारण शिंपेची कड गंजाच्या पोटासारखीच वाकलेली असते. दुसरी कैऱ्यांची. आजी ती पाठीकडून दगडावर घासायची, घासत राहायची, आणि मधोमध बोटाच्या पेरापेक्षा लहान असं भोक पडायचं. त्या भोकाची कड धारदार. कैरीवर शिंप पालथी ठेवून ओढली की सालीची पातळ पट्टी भोकातून वर येऊन शिंपेच्या पोटात जमा व्हायची. लोणच्याच्या दिवसांत ओसरीवर चार बाया बसून शिंपा चालवायच्या, त्याचा खर्र खर्र आवाज गल्लीत ऐकू यायचा.

आता शब्द. संस्कृतात शिंपेला शुक्ति म्हणतात आणि पुष्कळ लोक ‘शिंप’ तिथूनच आली असं सांगतात. पण तसं जमत नाही. शुक्तिचं प्राकृतात सुत्ति होतं, त्यात प कुठून येणार? त्या घराण्यातला शब्द तिकडे उत्तरेत, भोजपुरी-अवधीच्या मुलखात आहे. तिथं शिंपेला सुतुही म्हणतात, आणि तिनंही कैऱ्याच सोलतात. आपली शिंप वेगळ्या घरची. पालीत आणि प्राकृतात ‘सिप्पी’ असा शब्द आहे, शिंप याच अर्थाचा. हिंदीची सीप तिच्यापासूनच, आपली शिंप, शिंपी, शिंपलाही तिच्यापासूनच.

आणि पालीत तो कुठे येतो हे तुमच्या पोरीला मुद्दाम सांगा. दीघ निकाय या बौद्ध ग्रंथात सामञ्ञफल सुत्त आहे. त्यात निर्मळ झालेल्या चित्तासाठी एक दाखला दिला आहे : डोंगरातला एक डोह, पाणी स्वच्छ, नितळ, न ढवळलेलं. काठावर उभ्या असलेल्या डोळस माणसाला तळातलं सगळं दिसतं, वाळू-खडे दिसतात, फिरणारे मासे दिसतात आणि ‘सिप्पि-सम्बुक’ दिसतात, म्हणजे शिंपा आणि गोगलगायी. डोंगरातला डोह आहे, ताई, समुद्र नाही. दोन हजार वर्षांपलीकडे हा शब्द गोड्या पाण्याच्या तळाशीच पडलेला आहे. आमच्या पवनीला तितक्याच जुन्या काळातल्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, खाली नदी आहे. हा दाखला त्या काठावर कुणी सांगितला असेल, तर ऐकणाऱ्यांना सिप्पी म्हणजे काय हे विचारावं लागलं नसेल. ‘आमच्या बोडीत’ असं लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूनं इतका जुना साक्षीदार उभा होता, आणि मला तो माहीत नव्हता.

सिप्पीची शिंपी कशी झाली? मराठीची एक सवय आहे. प्राकृतातल्या ‘स’पुढे इ, ई किंवा ए आला की मराठी त्याचा ‘श’ करते. हिंदीत सेज, मराठीत शेज. हिंदीत सीना, मराठीत शिवणं. तशीच हिंदीत सीप, मराठीत शिंप. अनुस्वारही असाच मागून आलेला, जसा उष्ट्राच्या ‘उट्ट’चा आपण उंट केला. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मात्र लोक श उच्चारत नाहीत. शेत नाही, सेत. शेंग नाही, सेंग. त्यामुळे शिंपीची सिपी होते, आणि ऐकायला ती थेट पालीतल्या सिप्पीजवळ जाऊन बसते. आजीच्या तोंडी दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार जसाच्या तसा टिकला, असं मी म्हणणार नाही. मराठीनं एकदा श केला आणि झाडीबोलीनं तो पुन्हा स केला, एवढंच झालं असेल. पण याला गावंढळ म्हणायचं असेल तर पाली बोलणाऱ्यांनाही गावंढळ म्हणावं लागेल.

आता हा शब्द मुळात आला कुठून? माझी तीन वर्षं गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला गेली. तिथं घरोघर तेलुगू. एकदा सायकलवरून पडलो, गुडघा सुजला. शेजारच्या आजींनी हळद लावताना गुडघ्यावर बोट टेकवून विचारलं, ‘मोकालि चिप्पा?’ मोकालु म्हणजे गुडघा. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो, तेलुगूत गुडघ्याची चिप्पा. त्याच घरात नारळ फोडला तेव्हा अर्ध्या नारळाला कोब्बरि चिप्पा म्हणताना ऐकलं. आणि नदीतल्या शिंपेला आल्चिप्पा. मी हळद लावलेला पाय घेऊन तसाच बसून राहिलो. माझ्या आजीची कैरी सोलायची सिपी या घरात नारळाची कवड आणि गुडघ्याची वाटी होऊन बसली होती.

पुढे वाचताना कळलं की बरो आणि एमेनो या दोन भाषापंडितांनी द्रविड भाषांच्या कोशात हे सगळं कुटुंब एकत्र मांडलं आहे : तेलुगूत चिप्पा, कन्नडात चिप्पु आणि सिंपि, तमिळमध्ये चिप्पि आणि त्याहून वेगळं असं इप्पि. कोण कुणाकडून शिकलं? माझा कौल दक्षिणेकडे आहे. उत्तरेत हा शब्द शिंपेपुरता राहतो, त्याला धातू नाही, भावंडं नाहीत. दक्षिणेत मात्र शिंप, करवंटी, गुडघा, असं जे जे कठीण आणि वाटीसारखं आहे ते सगळं त्या एका शब्दात मावतं. शब्द जिथं असा ऐसपैस राहतो तिथं त्याचं माहेर असतं. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि तुमच्या घाटावरचं पाणी शेवटी सिरोंच्याजवळ गोदावरीत जातं. त्या काठाकाठानं माणसं येत-जात राहिली. समुद्र लागलाच नाही, ताई. शब्द नदीकाठच्या माणसांचाच आहे.

राहिला कपडे शिवणारा शिंपी. सरांचं म्हणणं ऐकायला पटतं, पण ते बरोबर नाही. ‘शिवणे’ आलं सीव् या धातूपासून. त्यापासून शिवण झाली, शिवणकाम झालं, पण त्यात प नाही. शिंपी आला ‘शिल्पी’पासून. शिल्प म्हणजे हातातलं कसब. पालीत त्याचं सिप्प होतं, कसबी माणसाला प्राकृतात सिप्पी म्हणतात, आणि वर सांगितलेल्या वाटेनंच त्याचा मराठीत शिंपी झाला. म्हणजे कोणे एके काळी कुठलाही कारागीर सिप्पी होता, मराठीत ते नाव कापड बेतणाऱ्याकडे राहिलं. दोन शब्द, दोन मुळं, पण मराठीत येऊन एकसारखे दिसायला लागले. वर्गात हसणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनाही मजा वाटली असती.

हे साम्य लोकांच्या कानाला फार पूर्वीपासून जाणवत आलं असावं. संत नामदेव शिंपी कुळातले. संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतीनं सांगितलेल्या कथेत वडील दामाशेटींना ते भीमेच्या पात्रात वाहत आलेल्या शिंपीत सापडतात. शिंप्याच्या घरी शिंपीतून आलेलं बाळ! शब्दांच्या मुळांचा हा पुरावा नाही, पण मला ती कथा फार जवळची वाटते.

जाता जाता, सडा ‘शिंपणे’ हा तिसराच. तो सिंच् धातूचा. प्राकृतात त्याचं सिंप असं रूप होतं, तेच आपण चालवतो. त्याचा ना शिंपेशी संबंध ना शिंप्याशी.

एक करा, ताई. पोरीला ती सिपी वर्गात न्यायला सांगा, आणि जमलं तर आजीलाही.

प्रश्न : आमच्याकडे कापूस वेचताना ‘कवडी’ वेगळी काढतात. व्यापारी म्हणतो, कवडी आहे, भाव कमी. पेपरात दरवर्षी येतं, कापूस कवडीमोल भावानं विकला. या दोन्ही कवड्या एकच का?
– एक शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मूळ एकच, पण वाटा दोन.

कवडी हे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. संस्कृतात कपर्द, कपर्दिका. प्राकृतात कवड्ड, तिथून आपली कवडी. दीपचा दिवा होताना प जसा व झाला, तसाच इथंही. ही कवडी मात्र खरोखर समुद्राची. मालदीव बेटांवरून जहाजं भरभरून ती आपल्या देशात यायची आणि पैसा म्हणून चालायची. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावती या गणिताच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच कोष्टक आहे : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. गुणून बघा, एका द्रम्माला १२८० कवड्या. कवडीच्या खाली नाणंच नव्हतं. कवडीमोल म्हणजे त्या शेवटच्या पायरीवरची किंमत.

कापसातली कवडी आली ती रूपावरून, असं मला वाटतं. तुम्ही रोज हातात घेता, तरी एकदा निवांत बघा. चांगलं बोंड फुटलं की पाकळी फुलून लोंबते, बोटं लावली की सुटते. बोंडअळीनं खाल्लेल्या बोंडात मात्र एखादी पाकळी फुलतच नाही. सरकीला घट्ट चिकटलेली, पिवळट तपकिरी, दाबली तर टणक, एका बाजूनं फुगीर आणि दुसऱ्या बाजूला चीर. सारीपाटाची कवडी पालथी-उताणी करून बघितल्यासारखीच दिसते. वेचणाऱ्या बायांनी तिला दुसरं काय नाव दिलं असतं? वेचता वेचता बोटांनाच ती कळते, डोळ्यांनी बघावंही लागत नाही.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडे कपाशी खाल्ली तेव्हा माझ्या मेहुण्याच्या घरी पडवीत दोन ढीग होते. पांढऱ्या कापसाचा ढीग गुडघ्याएवढा, कवडीचा कमरेएवढा. त्या वर्षी दोन्ही अर्थ एकाच पडवीत होते. तुम्ही पत्रात पुढं भावाचं जे लिहिलंय ते मी इथं छापत नाही, कारण तो हिशेब तुमच्या घरचा आहे, पण मी तो दोनदा वाचला.

प्रश्न : आजोबा म्हणतात स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपीत पडला की मोती होतो. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात खूप सिप्या आहेत. त्यात मोती सापडेल का? मी सातवीत आहे.
– एक विद्यार्थी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : बेटा, स्वातीचा थेंब ही जुन्या कवींची फार लाडकी कल्पना आहे. पण स्वाती येतं ऑक्टोबरच्या अखेरीला, आणि तेव्हा तुमच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे कडपे पडलेले असतात. त्या पावसाची वाट आजोबांनीही कधी बघितली नसेल, विचार त्यांना.

मोती असा होतो : कवच आणि आतलं मऊ अंग यांच्या मध्ये काहीतरी बारीक जाऊन अडकतं. ते टोचतं. मग ज्या चकचकीत द्रव्यानं शिंप आपलं घर आतून लिंपते, त्याचेच थर ती त्या कणावर चढवत जाते. थरावर थर. तुमच्या तलावातली शिंपही हे करू शकते. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं गोड्या पाण्यातल्या याच लॅमेलिडेन्स शिंपेत मोती वाढवायची पद्धत बसवली आहे. पण आपणहून झालेला मोती फार क्वचित, आणि बहुतेक वेळा वेडावाकडा. त्यासाठी शंभर शिंपा फोडू नकोस.

आणखी एक सांगतो, हे आजोबांनाही सांग. शिंपेची पिल्लं अगदी लहान असताना माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि काही दिवसांनी सुटून तळाशी पडतात. तुमच्या तलावात खूप सिप्या आहेत, म्हणजे मासळीही चांगली असणार.

काठावर शिंप दिसली तर आधी कड बघ. दोन्ही झाकणं सुटी झाली असतील तर आजीला खरवडायला घेऊन जा. घट्ट मिटलेली असतील तर ती जिवंत आहे. जिथून उचललीस तिथंच, गाळात, अर्धी रुतवून ठेव.